सिपचे प्रतिसाद-कोड कसे वाचावेत : आयपी पीबीएक्स सांभाळणाऱ्यांसाठी

शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री असो, शाहूपुरीतली गुळाची पेढी असो किंवा राजारामपुरीतला दवाखाना असो, जुन्या ईपीएबीएक्सच्या जागी इंटरनेटच्या जोडणीवर चालणारी आयपी पीबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत फोन-एक्स्चेंज, आता कोल्हापुरात ठिकठिकाणी दिसते. ती बसवणारा तंत्रज्ञ निघून गेला की तिची जबाबदारी बहुधा कार्यालयात ‘संगणकातले कळते’ अशी ख्याती असलेल्या एखाद्या कर्मचाऱ्यावर येते, आणि ‘फोन लागंना झालाय’ या एकाच वाक्यात त्याच्यापुढे पंधरावीस निरनिराळे बिघाड येऊन पडतात. त्या वाक्यावरून निदान होत नाही. पीबीएक्सच्या लॉगमधला, म्हणजे तिने आपोआप ठेवलेल्या नोंदींमधला, तीन अंकी कोड पुष्कळ काही सांगतो, मात्र तो कोणी दिला आणि कॉलच्या कोणत्या टप्प्यावर दिला हे पाहिले तरच. हे लेखन त्या वाचनासाठी आहे.

इंटरनेटवर फोन जोडण्याचे, वाजवण्याचे आणि तोडण्याचे संकेत ज्या नियमांनुसार पाठवले जातात त्यांना सिप म्हणतात. या नियमांची पहिली आवृत्ती १९९९ साली आली आणि आज जी पायाभूत मानली जाते ती आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) ही आवृत्ती जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सिपची घडण वेबच्या एचटीटीपीवरून घेतलेली असल्यामुळे त्याचे संदेश साध्या मजकुराच्या रूपात असतात आणि न सापडलेल्या वेबपानाचा ४०४ फोनच्या लॉगमध्येही भेटतो. मोबाइलवरचे व्होल्टी, म्हणजे फोर-जी जाळ्यावरून जाणारे, कॉलही सिपवरच चालतात, त्यामुळे रंकाळ्यावर उभे राहून लावलेल्या फोर-जी कॉलमध्येही हेच कोड ये-जा करत असतात. ते हँडसेट दाखवत नाही, इतकेच.

एक मर्यादा आरंभीच नोंदवली पाहिजे. सिप फक्त संकेत वाहतो. आवाज आरटीपी या वेगळ्या प्रवाहातून, बहुधा वेगळ्या पोर्टवरून जातो. म्हणून ‘त्यांचे ऐकू येते, माझे त्यांना जात नाही’ या तक्रारीच्या कॉलमध्ये सगळे कोड निर्दोष दिसू शकतात. तेथे कोड चाळत बसण्यापेक्षा राउटर आणि आवाजाचे पत्ते तपासावेत.

ट्रेस मिळवणे

कोड नुसता कॉल-नोंदीच्या तक्त्यातून वाचू नये, पूर्ण ट्रेस, म्हणजे कॉलमधल्या सर्व संदेशांची क्रमवार नोंद, घ्यावा. अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर आधारलेल्या पीबीएक्समध्ये एसएनग्रेप हे छोटे साधन बसवले की प्रत्येक कॉलचे संदेश बाणांच्या शिडीसारखे एकाखाली एक दिसतात. ते शक्य नसेल तर पीबीएक्सच्या नेटवर्क-कार्डावरची वाहतूक फाइलमध्ये साठवून ती वायरशार्क या वाहतूक तपासण्याच्या साधनात उघडावी आणि त्यातल्या टेलिफोनी मेनूतून व्हीओआयपी कॉलची यादी काढावी. सिप साधारणपणे ५०६० या पोर्टवर चालतो. टीएलएसने सुरक्षित केलेली वाहतूक ५०६१ वर चालते आणि ती बाहेरून वाचता येत नाही, म्हणून तेथे पीबीएक्सचा स्वतःचा सिप-लॉग चालू करावा लागतो.

मग पहिल्यांदा बिघडलेला कॉल न पाहता व्यवस्थित लागलेला एक कॉल पाहावा. उद्यमनगरातल्या कार्यालयातील १०१ या एक्स्टेन्शनवरून शिरोलीच्या कारखान्यातील १०२ ला फोन लावला, असे समजू. १०१ चा फोन पीबीएक्सला इन्व्हाइट, म्हणजे कॉल जोडण्याची विनंती, पाठवतो. पीबीएक्स बहुधा लगेच ४०१ देऊन ओळख मागते, फोन ती जोडून इन्व्हाइट पुन्हा पाठवतो. त्यानंतर १०० ट्राइंग येतो, म्हणजे विनंती पोहोचली असून काम सुरू आहे. शिरोलीत घंटी वाजू लागली की १८० रिंगिंग येतो. तेथे कोणी फोन उचलला की २०० ओके येतो, आणि १०१ चा फोन त्यावर अ‍ॅक पाठवतो. बोलणे संपले की जो आधी फोन ठेवतो त्याच्याकडून बाय जातो आणि त्याला दुसऱ्या बाजूकडून २०० ओके मिळतो. पूर्वी रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या पत्राची पोचपावती परत येई, तसा वरचा अ‍ॅक असतो. तो हरवला तर काय होते हे पुढे सविस्तर येईल, कारण कोल्हापुरातल्या छोट्या कार्यालयांत सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो.

पहिला अंक

कोडाचा पहिला अंक त्याचा वर्ग सांगतो. १ ने सुरू होणारे कोड अंतिम नसतात, ते कॉलची प्रगती कळवतात. २ म्हणजे यश. ३ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर प्रयत्न करावा. फोनवरच कॉल-फॉरवर्ड लावलेले असेल तर तो बहुधा ३०२ देतो. ४ म्हणजे ही विनंती या ठिकाणी आहे त्या रूपात पूर्ण होत नाही. ५ म्हणजे विनंतीत दोष नसावा, पण सर्व्हर ती पूर्ण करू शकला नाही. ६ म्हणजे ती कोठेही पूर्ण होणार नाही. हा वर्ग एचटीटीपीत नाही, सिपने तो भर घातलेला आहे.

कोडापुढचे शब्द, म्हणजे ‘ट्राइंग’, ‘नॉट फाउंड’ वगैरे, फक्त माणसांसाठी असतात. यंत्र अंक पाहते आणि सेवादाता ते शब्द बदलू शकतो, म्हणून ४८० च्या पुढे भलताच मजकूर दिसला तरी भरवसा अंकावर ठेवावा. अंकच अनोळखी निघाला तर नियम असा आहे की उपकरणाने तो त्या वर्गातल्या शून्य-शून्य कोडासारखा मानावा : अनोळखी ४३१ मिळाल्यास ४०० समजून वागावे. अनोळखी १-वर्गीय कोड मात्र १८३ समजला जातो.

४०१ आणि ४०७ पाहून घाबरू नये

नवशिक्याच्या नजरेत सर्वप्रथम भरणारा कोड ४०१ असतो, कारण प्रत्येक रजिस्ट्रेशनच्या (फोनने सर्व्हरकडे आपली नोंद करण्याच्या) आणि बहुतेक कॉलच्या आरंभी तो दिसतोच. तो बिघाड नाही. सर्व्हर एक यादृच्छिक शब्द पाठवतो, फोन त्या शब्दाची पासवर्डशी सांगड घालून तयार केलेले उत्तर परत पाठवतो आणि त्यामुळे पासवर्ड उघड्या रूपात तारेवरून जात नाही. हेच आव्हान मधल्या प्रॉक्सीने, म्हणजे संदेश पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरने, दिले तर कोड ४०७ असतो. बिघाड केव्हा समजावा? ओळख जोडून गेलेल्या विनंतीलाही पुन्हा ४०१ आला आणि हे चक्र थांबेना, तेव्हा. अशा वेळी पासवर्ड तपासावाच, पण त्याआधी ऑथेंटिकेशनचे नाव तपासावे. अनेक सेवादात्यांकडे ते फोन-क्रमांकापेक्षा वेगळे असते आणि दोन्ही रकान्यांत एकच मजकूर भरण्याची सवय महागात पडते.

चुकीच्या पासवर्डावर काही सर्व्हर ४०१ ऐवजी ४०३ देतात. ४०३ चा अर्थ ‘विनंती समजली, पण परवानगी नाही’ असा असल्याने ट्रंकवर, म्हणजे पीबीएक्स आणि सेवादाता यांच्यातल्या जोडणीवर, तो आला तर आणखी तीन शक्यता पाहाव्यात : पाठवलेला कॉलर-आयडी आपल्या नावावर दिलेला क्रमांक नाही, आयएसडी बंद आहे, किंवा सेवादात्याकडे नोंदवलेला आपला आयपी पत्ता बदलला आहे. ४०३ नंतर तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवून काही साधत नाही. उलट काही सेवादाते अशा पत्त्याला काही काळ अडवून ठेवतात.

उत्तर नेमके कोणी दिले?

कोडांच्या याद्या कोठेही मिळतात. यादी पाठ असलेला माणूसही येथे चुकतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पीबीएक्स मध्ये असते तेव्हा वापरणाऱ्याला जो एक कॉल वाटतो तो वस्तुतः दोन कॉलांचा जोड असतो. एक फोनपासून पीबीएक्सपर्यंत आणि दुसरा पीबीएक्सपासून सेवादात्याच्या ट्रंकपर्यंत. दोन्हींचे कॉल-आयडी वेगळे असतात आणि दोन्हींवरचे कोडही वेगळे असू शकतात. सेवादात्याने ४८४ दिला असताना पीबीएक्स फोनला ५०३ देऊ शकते, कारण एका बाजूचा निकाल दुसऱ्या बाजूला कसा कळवायचा हे तिच्या मांडणीवर ठरते. म्हणून फोनच्या पडद्यावरचा कोड पुरावा म्हणून धरू नये. ट्रेसमध्ये ट्रंकच्या बाजूचा पाय, म्हणजे या जोडातला दुसरा कॉल, शोधावा आणि तेथे आलेला कोड पाहावा. तेथे इन्व्हाइट गेलाच नसेल, तर दोष पीबीएक्सच्या आतल्या मार्ग-नियमांत आहे आणि सेवादात्याला फोन करून उपयोग नाही.

ट्रंकवरून आलेला कोडही मूळचा असेलच असे नाही. पलीकडचे जाळे एसएस७ या जुन्या टेलिफोन-संकेत पद्धतीचे असेल तर तेथे कॉल तुटण्याची कारणे क्यू.८५० या मानकातल्या क्रमांकांनी सांगितली जातात आणि मधला गेटवे, म्हणजे दोन जाळी जोडणारे यंत्र, त्यांचे सिप-कोडांत रूपांतर करतो. हे रूपांतर कसे करावे हे डिसेंबर २००२ च्या आरएफसी ३३९८ मध्ये दिलेले आहे. तेथे कारण १, म्हणजे क्रमांक कोणालाच दिलेला नाही, त्याचा ४०४ होतो. कारण १७, म्हणजे ग्राहक व्यग्र, त्याचा ४८६ होतो. घंटी वाजूनही कोणी उचलला नाही, म्हणजे कारण १९, त्याचा ४८० होतो. क्रमांक अपुरा असल्याचे कारण २८ हे ४८४ होते, तर मोकळी वाहिनी नसल्याचे कारण ३४ हे ५०३ होते. नुसता ५०३ पाहून वाहिनी भरली की यंत्रणा कोसळली हे कळत नाही, कारण जाळे बिघडल्याचे कारण ३८ आणि तात्पुरत्या बिघाडाचे कारण ४१ यांचाही ५०३ च होतो. अशा वेळी प्रतिसादात रीझन हे हेडर, म्हणजे संदेशातली त्या नावाची माहितीची ओळ, शोधावे. गेटवे नीट वागणारा असेल तर मूळ क्यू.८५० क्रमांक तेथे जपलेला असतो, आणि अनेकदा तोच खरे सांगतो.

प्रतिसाद देणाऱ्याची ओळख पटवण्याच्या आणखी खुणा आहेत. संदेशाचे पाकीट कोणत्या आयपी पत्त्यावरून आले हे पाहावे. सर्व्हर किंवा यूजर-एजंट या हेडरमध्ये यंत्राचे नाव असते. आणि अंतिम उत्तर किती मिलिसेकंदांत आले हेही बोलके असते. इन्व्हाइटनंतर क्षणार्धात आलेला ४०४ बहुधा जवळच्या यंत्रणेने दिलेला असतो, तर काही सेकंद थांबून आलेला ४०४ कॉल दूरच्या जाळ्यापर्यंत जाऊन आल्याचे सुचवतो.

क्रमांकाचे रूप : ४०४ आणि ४८४

कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१, इचलकरंजीचा ०२३० आणि सांगलीचा ०२३३. कोल्हापुरातल्या लँडलाइनवरून गावातल्या गावात फोन लावताना सात अंक पुरतात, आणि ही सवय आयपी पीबीएक्सवरही तशीच राहते. ट्रंकला मात्र बहुधा पूर्ण रूप हवे असते : ९१, त्यानंतर शून्य वगळून २३१, आणि मग सात अंक. पीबीएक्सने नुसते सात अंक पुढे पाठवले तर ४८४ किंवा ४०४ येतो. उलट बाजूने होणारी चूक याहून अधिक आढळते. डायल-नियम ९१ जोडतो, पण वापरणाऱ्याने लावलेले शून्य काढत नाही, आणि ९१०२३१ ने सुरू होणारा क्रमांक बाहेर पडतो. भारतीय राष्ट्रीय क्रमांक शून्याशिवाय दहा अंकी असतो, म्हणून ट्रंकच्या इन्व्हाइटमधील क्रमांकाचे अंक मोजावेत. ९१ धरून ते बारा भरले पाहिजेत.

अंक बरोबर असूनही ४०४ आला तर क्रमांक खरोखरच अस्तित्वात नाही असा दावा समोरचा सर्व्हर करत असतो. कार्यालयाच्या आतल्या एक्स्टेन्शनबाबत हाच कोड आला तर ते एक्स्टेन्शन तयारच केलेले नाही किंवा त्या फोनला तेथवर जाण्याचा मार्ग-नियम नाही. एक्स्टेन्शन आहे पण फोन बंद आहे, अशा स्थितीत सर्व्हरने ४८० देणे अपेक्षित असते. सगळ्याच पीबीएक्स हा भेद पाळत नाहीत, आणि हे मला गैर वाटते, कारण एका कोडाचा उपाय संगणकासमोर बसून होतो आणि दुसऱ्यासाठी शिरोलीला जावे लागते.

उचलला नाही, व्यग्र आहे, नाकारला

४८० म्हणजे समोरचा सध्या उपलब्ध नाही. फोन रजिस्टर नसणे, डू-नॉट-डिस्टर्ब लावलेले असणे, घंटी वाजून थांबणे, अशा अनेक गोष्टी या एका कोडात सामावतात. ४८६ म्हणजे फोनपर्यंत पोहोचलो, पण तेथे आणखी कॉल घेतला जात नाही. ६०३ म्हणजे माणसाने कॉल नाकारला. फोनवरचे नकाराचे बटण दाबल्यावर ४८६ जातो की ६०३ जातो हे उत्पादकाने ठरवलेले असते, आणि काही फोनांत ते बदलताही येते.

हा फरक गट-घंटीच्या वेळी जाणवतो. महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानात एका क्रमांकावर चार काउंटरचे फोन एकदम वाजतात असे धरू. कॉल वाटणारी यंत्रणा शुद्ध प्रॉक्सी असेल तर एका फोनने दिलेला ४८६ फक्त ती शाखा संपवतो आणि बाकीचे तीन वाजत राहतात. ६०३ मात्र सहाव्या वर्गातला असल्यामुळे नियमाप्रमाणे सगळ्या शाखा थांबवतो. एका काउंटरवरच्या मुलाने घाईत लाल बटण दाबले आणि चारही फोन गप्प झाले, यात बिघाड काही नसतो. अशा ठिकाणी फोनांना ४८६ पाठवायला लावावे.

४८७ हा कोड अहवालांत विनाकारण बदनाम झालेला आहे. पलीकडे उचलण्याआधीच लावणाऱ्याने फोन ठेवला तर त्याच्याकडून कॅन्सल जातो. त्या कॅन्सलला २०० ओके मिळतो आणि मूळ इन्व्हाइटला ४८७ मिळतो. म्हणजे ४८७ चा अर्थ ‘लावणाऱ्याने नाद सोडला’ असा आहे. गट-घंटीत एका काउंटरने फोन उचलला की उरलेल्या तिघांना कॅन्सल जातो आणि ते तिघेही ४८७ देतात. अशा कॅन्सलमध्ये रीझन हेडरद्वारे ‘कॉल दुसरीकडे घेतला गेला’ असे कळवण्याची सोय आहे. ती वापरली नाही तर त्या तिन्ही फोनांवर उगाच मिस्ड कॉल दिसतो. महिन्याच्या अहवालात ४८७ ची संख्या पाहून मालकाने ट्रंकवर राग काढण्याआधी हे त्याला समजावून सांगावे.

येथेच १८३ चाही विचार करावा. १८० आला की लावणाऱ्याचा फोन स्वतःच घंटीचा आवाज तयार करतो. १८३ मध्ये मात्र पलीकडचे जाळे उचलण्यापूर्वीच स्वतःचा आवाज पाठवू लागते : कॉलर ट्यून, किंवा ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती’ अशा धर्तीची उद्घोषणा. मोबाइल बंद असल्याची उद्घोषणा ग्राहकाने पूर्ण ऐकलेली असते, तरी ट्रेसमध्ये १८३ आणि शेवटी ४८० एवढेच दिसते. १८३ आला आणि कानाला निव्वळ शांतता असेल, तर आरटीपीचा प्रवाह फायरवॉलवर अडलेला आहे असे समजून त्या दिशेने तपास करावा.

उत्तरच नाही : ४०८ आणि ३२ सेकंद

४०८ हा बहुतेक वेळा कोणीच न पाठवलेला कोड असतो. यूडीपीवर, म्हणजे पोचल्याची खात्री न देणाऱ्या वाहकावरून, इन्व्हाइट पाठवल्यावर अर्ध्या सेकंदात काही उत्तर आले नाही तर तो पुन्हा पाठवला जातो, आणि दर वेळी प्रतीक्षा दुप्पट होते. म्हणजे पहिल्या पाठवणीपासून ०.५, १.५, ३.५, ७.५, १५.५ आणि ३१.५ सेकंदांनी तोच संदेश पुन्हा जातो, आणि ३२ सेकंदांनी पाठवणारे यंत्र स्वतःच हार मानून लॉगमध्ये ४०८ नोंदवते. ट्रेसमध्ये बाहेर जाणारे सात एकसारखे इन्व्हाइट दिसले आणि परत एकही बाण आला नाही, तर प्रश्न पूर्णपणे वाटेचा आहे : जोडणी तुटली आहे, ट्रंकचा पत्ता चुकला आहे किंवा फायरवॉल गिळते आहे. एखादा १०० जरी आला असेल तरी सेवादात्याच्या यंत्रापर्यंत पाकीट पोहोचले, हे निश्चित होते.

याचा एक फसवा प्रकार आहे. छोटे संदेश नीट जातात, रजिस्ट्रेशन हिरवे दिसते आणि फक्त इन्व्हाइट हरवतो. अनेक कोडेकांची (आवाज डिजिटल रूपात बांधण्याच्या पद्धतींची) यादी आणि लांबलचक हेडर यांमुळे इन्व्हाइट मोठा होतो, यूडीपीचे पाकीट वाटेत तुकड्यांत विभागले जाते आणि काही राउटर दुसरा तुकडा टाकून देतात. सिपचा नियम असा आहे की वाटेची क्षमता ठाऊक नसताना १३०० बाइटांपेक्षा मोठी विनंती टीसीपीसारख्या वाहकावरूनच पाठवावी. अनेक उपकरणे तो पाळत नाहीत. नको असलेले कोडेक काढून टाकावेत किंवा ट्रंक टीसीपीवर न्यावी.

दुसरा ३२ सेकंदांचा बिघाड अधिक त्रासदायक आहे, कारण त्यात कॉल लागतो, बोलणे सुरू होते आणि अर्ध्या मिनिटाने तुटते. बाहेरून आलेला कॉल पीबीएक्सने उचलला की ती २०० ओके पाठवते आणि अ‍ॅकची वाट पाहते. त्या २०० ओकेमधील कॉन्टॅक्ट हेडरमध्ये पीबीएक्सने आपला खासगी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८ ने सुरू होणारा, लिहिलेला असेल तर सेवादात्याचा अ‍ॅक त्या पत्त्याकडे निघतो आणि अर्थातच कोठेही पोहोचत नाही. पीबीएक्स २०० ओके पुन्हा पुन्हा पाठवत राहते आणि ३२ सेकंद झाले की स्वतःच बाय पाठवून कॉल तोडते. ट्रेसमध्ये एकाखाली एक अनेक २०० ओके दिसले की निदान झालेच म्हणून समजावे. उपाय दोन ठिकाणी आहे. पीबीएक्सच्या मांडणीत बाहेरचा सार्वजनिक पत्ता आणि आतल्या जाळ्याची व्याप्ती बरोबर भरावी. आणि फायबरच्या राउटरमधली सिप-एएलजी ही सोय बंद करावी. ती मदतीसाठी दिलेली असते, पण सिपच्या संदेशांतले पत्ते अर्धवट बदलून ती होणारे काम बिघडवते. माझ्या मते नव्या कार्यालयात राउटर बसताच, फोनची जोडणी होण्याआधीच, ती बंद करून टाकावी.

४८८ : आवाजाच्या भाषेवर एकमत नाही

दोन्ही बाजूंना मान्य असा एकही कोडेक सापडला नाही तर ४८८ येतो. भारतातल्या ट्रंकवर जी.७११ चा ए-लॉ प्रकार ठेवला की बहुतेक प्रश्न सुटतात. फोनवर फक्त जी.७२९ चालू ठेवला असेल किंवा फोन सुरक्षित एसआरटीपीचा आग्रह धरत असेल आणि ट्रंक साधा आरटीपी मागत असेल, तरीही हाच कोड मिळतो. सोबत वॉर्निंग हेडर आले असेल तर ते वाचावे. कॉल आधी लागून मध्येच, होल्डवरून परत घेताना, ४८८ आला तर इन्व्हाइट कोणाकडून पुन्हा गेला आणि त्यातली कोडेक-यादी आधीपेक्षा वेगळी आहे का, हे पाहावे.

४८१ दिसला तर पलीकडच्या यंत्राला तो कॉल आता ठाऊकच नाही. पीबीएक्स मध्येच पुन्हा सुरू झाली की असे होते.

पाचवा वर्ग

५०० हा सर्व्हरच्या आतल्या चुकीचा कोड असून त्याचे कारण त्या सर्व्हरच्याच लॉगमध्ये सापडते, बाहेरून ते ताडता येत नाही. ५०२ आणि ५०४ म्हणजे मधल्या यंत्रणेला पुढच्या यंत्रणेकडून अनुक्रमे चुकीचे उत्तर मिळाले किंवा वेळेत मिळालेच नाही. रोजच्या कामात भेटतो तो ५०३. गुळाच्या हंगामात सौद्यांच्या वेळी एखाद्या पेढीवर एकदम कॉल येतात-जातात आणि ट्रंकवर घेतलेल्या वाहिन्या भरतात. त्यापुढच्या कॉलला काही सेवादाते ५०३ देतात, काही ४८६ देतात, काही ४०३ सुद्धा. ५०३ फक्त गर्दीच्या तासांत येत असेल तर वाहिन्यांची संख्या तपासावी. तो दिवसभर आणि पहिल्याच कॉलला येत असेल तर यंत्रणा बंद आहे. प्रतिसादात रिट्राय-आफ्टर असेल तर तेथे दिलेल्या सेकंदांपर्यंत थांबावे, आणि दुसरी ट्रंक असेल तर ५०३ आल्यावर कॉल तिच्यावर वळवण्याचा नियम पीबीएक्समध्ये घालून ठेवावा. ४०४ किंवा ४८६ वर मात्र असे वळवू नये. जो क्रमांक नाहीच किंवा जो माणूस व्यग्र आहे तो दुसऱ्या ट्रंकवरूनही तसाच राहील.

न ओळखलेल्या पाहुण्यांचे कोड

पीबीएक्सचे ५०६० पोर्ट इंटरनेटवर उघडे असेल तर लॉगमध्ये परदेशी पत्त्यांवरून आलेले रजिस्टर आणि इन्व्हाइट यांचे ढीग आणि त्यांना आपणच दिलेले ४०१, ४०३ व ४०४ दिसू लागतात. यूजर-एजंटमध्ये ‘फ्रेंडली-स्कॅनर’ असे नाव दिसले तर ते नाव खरे मानू नये. ही साधने १००, १०१, १०२ असे क्रमांक चाळत जातात आणि आपली पीबीएक्स नसलेल्या एक्स्टेन्शनला ४०४ व असलेल्याला ४०१ देत असेल तर त्या फरकावरूनच खरे क्रमांक कळतात. दोन्ही स्थितींत सारखाच प्रतिसाद मिळेल अशी मांडणी ठेवावी, ५०६० फक्त सेवादात्याच्या पत्त्यांसाठी उघडावे आणि वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना फेलटूबॅनसारख्या साधनाने अडवावे. अशा स्कॅनरांचा हेतू बहुधा आपल्या खर्चाने महागडे आयएसडी कॉल लावण्याचा असतो, म्हणून गरज नसेल तर आयएसडी बंदच ठेवावे.

सेवादात्याकडे तक्रार देताना

‘काल दुपारी फोन लागत नव्हते’ अशा तक्रारीवर काहीच शोधता येत नाही. ट्रंकच्या बाजूच्या पायाचा कॉल-आयडी, लावलेला आणि लावणारा क्रमांक, आलेला कोड, रीझन हेडर असल्यास त्यातला क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ, एवढे एका कॉलसाठी द्यावे. वेळ देताना ती भारतीय प्रमाणवेळ आहे असे स्पष्ट लिहावे, कारण पलीकडचे लॉग यूटीसीत असू शकतात आणि साडेपाच तासांच्या फरकाने त्यांना दुसराच कॉल सापडतो. ट्रेसची फाइल जोडायची असेल तर तिच्यातून ग्राहकांचे इतर कॉल वगळून तेवढाच एक कॉल वेगळा साठवावा, आणि ऑथरायझेशन हेडरमधली ओळख झाकावी. पासवर्ड कच्चा असेल तर त्या उत्तरावरूनही तो शोधून काढता येतो.